रेड सॉक्स, यांकीज आणि दोन्हीकडून खेळलेले

२६ जून २०२४. बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर बोस्टन रेड सॉक्स आणि टोरांटो ब्लू जेज यांचा सामना सुरू होता. दुसऱ्या इनिंगमध्ये टोरांटोचा कॅचर डॅनी जॅन्सन फलंदाजीला आला. त्याने एक चेंडू फाउल मारला आणि पावसामुळे खेळ थांबला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. टोरांटोचा संघ पुढे २६ ऑगस्टला बोस्टनला येणार होता. उरलेला सामना तेव्हा पुरा करायचा असं ठरलं. दरम्यान २७ जुलैला टोरांटोने जॅन्सनला ट्रेडमध्ये बोस्टनला देऊन टाकलं.

ऑगस्टमध्ये सामना जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. फलंदाजीची पाळी जॅन्सनची होती, आणि फलंदाजाच्या मागे बोस्टनचा कॅचर म्हणून मुखवटा चढवून बसलेलाही जॅन्सनच होता. त्याची अर्धवट राहिलेली पाळी पुरी करायला टोरांटोने डॉल्टन व्हार्शोला पाठवलं. टोरांटोने सामना ४-१ असा जिंकला. मेजर लीगचा इतिहास १८७६ पासून मोजला तर जवळपास दीडशे वर्षांचा होतो. तेवढ्या काळात एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला हा पहिलाच खेळाडू.

त्याच्या जवळ जाणारी उदाहरणं जुनी आहेत आणि तीही ऐकण्यासारखी आहेत. ३० मे १९२२ रोजी शिकागोत कब्ज आणि सेंट लुइस कार्डिनल्स यांचे एकाच दिवशी दोन सामने होते. सकाळच्या सामन्यात मॅक्स फ्लॅक कब्जकडून खेळला आणि क्लिफ हीथकोट कार्डिनल्सकडून. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात संघांनी त्या दोघांची अदलाबदल केली आणि दुपारी दोघंही एकमेकांच्या संघातून मैदानात उतरले. ४ ऑगस्ट १९८२ रोजी जोएल यंगब्लडने दुपारी शिकागोत न्यू यॉर्क मेट्सकडून हिट मारली, सामना चालू असतानाच त्याचा ट्रेड झाला, त्याने विमान पकडलं आणि रात्री फिलाडेल्फियात माँट्रियल एक्स्पोजकडून दुसरी हिट मारली. एका दिवसात दोन शहरांत दोन संघांकडून हिट. समोरचे पिचरही साधे नव्हते: दुपारी फर्गसन जेंकिन्स, रात्री स्टीव्ह कार्लटन. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

अमेरिकेत बेसबॉलवर जीव असणाऱ्यांना अशा नोंदींचा छंद पूर्वीपासून आहे. २०२३ मध्ये इंटरनेटवर ‘इमॅक्युलेट ग्रिड’ नावाचा खेळ आला आणि तो छंद रोजचा झाला. तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगांचे नऊ चौकोन, बाजूला संघांची नावं. ज्या चौकोनात दोन संघ एकमेकांना छेदतात तिथे त्या दोन्हींकडून खेळलेल्या खेळाडूचं नाव लिहायचं. नऊ चौकोनांना नऊच प्रयत्न. इतरांना न सुचलेलं नाव दिलं तर गुण अधिक चांगले. आजोबा आणि नातू एकाच फोनवर डोकं लावून बसावेत असा हा खेळ आहे, कारण आजोबांना १९६० चे खेळाडू आठवतात आणि नातवाला आजचे.

मला या खेळात रस आहे तो आठवणीच्या कसोटीपेक्षा वेगळ्या कारणासाठी. कुठलेही दोन संघ घ्या, त्यांच्या सामाईक खेळाडूंची यादी काळाच्या क्रमाने मांडा आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: हा माणूस इकडून तिकडे गेला तो कुणाच्या मर्जीने? उत्तरं वाचत गेलं की बेसबॉलमधल्या मालक आणि खेळाडू यांच्या नात्याचा सगळा इतिहास उलगडतो. बोस्टन रेड सॉक्स आणि न्यू यॉर्क यांकीज या दोन संघांत तो सर्वांत स्पष्ट दिसतो. दोघंही अमेरिकन लीगमधले, दोघांचं वैर शंभर वर्षांहून जुनं, आणि तरीही दोन्हीकडून खेळलेल्यांची यादी लांबलचक.

या यादीत अगदी सुरुवातीला जॅक चेस्ब्रो येतो. १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या संघाला हायलँडर्स म्हणत, बोस्टनला अमेरिकन्स. चेस्ब्रोने त्या एका हंगामात न्यू यॉर्ककडून ४१ सामने जिंकले. आधुनिक काळात तो आकडा कुणालाही गाठता आलेला नाही. पण हंगामाच्या शेवटच्या दिवशी, नेमक्या बोस्टनविरुद्धच्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये त्याचा एक चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर गेला, बोस्टनची धाव झाली आणि लीगचं विजेतेपद हुकलं. १९०९ मध्ये बोस्टनने त्याला घेतलं. तिथे तो एकच सामना खेळला आणि त्याची कारकीर्द संपली.

खरी रहदारी सुरू झाली १९१९ मध्ये. तोवर बोस्टन हा बेसबॉलमधला सर्वांत यशस्वी संघ होता. १९०३, १९१२, १९१५, १९१६ आणि १९१८ अशा पाच वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिका, त्यांनी जिंकल्या होत्या. न्यू यॉर्ककडे एकही नव्हती. बोस्टनचा मालक होता हॅरी फ्रेझी, ब्रॉडवेवर नाटकं काढणारा निर्माता. त्याने १९१६ च्या अखेरीस संघ विकत घेतला तो बराचसा उधारीवर, आणि जुन्या मालकाचे पैसे अजून द्यायचे होते.

जुलै १९१९ मध्ये बोस्टनचा पिचर कार्ल मेज सामन्याच्या मध्येच संघ सोडून निघून गेला. आपल्या पाठीशी संघ नीट खेळत नाही असा त्याचा राग होता. फ्रेझीने त्याला यांकीजला विकलं. अमेरिकन लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सन भडकला. करार मोडून पळालेल्या माणसाला बक्षीस कसलं, असं म्हणत त्याने मेजवर बंदी घातली. यांकीजचे मालक कोर्टात गेले आणि बंदीला मनाई हुकूम मिळवला. त्यातून लीगमध्ये उभी फूट पडली. एका बाजूला जॉन्सनचे पाच निष्ठावंत संघ, दुसऱ्या बाजूला बोस्टन, न्यू यॉर्क आणि शिकागो व्हाइट सॉक्स.

बोस्टनचे खेळाडू पुढे यांकीजकडेच का गेले, याचं कारण या भांडणात आहे, आणि लोकप्रिय कहाण्यांत ते बहुधा गाळलं जातं. फ्रेझीला पैसे हवे होते हे खरंच. पण निष्ठावंत पाच संघ त्याच्याशी व्यवहार करायला तयार नव्हते. उरले व्हाइट सॉक्स आणि यांकीज, आणि यांकीजचा मालक जेकब रपर्ट हा बिअरच्या कारखान्याचा धनी. अडलेल्या विक्रेत्यासमोर मोठ्या थैलीचं एकच गिऱ्हाईक उभं होतं.

बेब रूथची विक्री २६ डिसेंबर १९१९ ला पक्की झाली आणि ५ जानेवारी १९२० ला जाहीर झाली. रूथ तोवर बोस्टनचा उत्कृष्ट पिचर होता. बोस्टनसाठी त्याने ८९ सामने जिंकले होते. १९१९ मध्ये तो जास्त वेळ फलंदाज म्हणून खेळला आणि २९ होम रन मारून त्याने तेव्हाचा विक्रम केला. वर्षाला १०,००० डॉलरचा त्याचा तीन वर्षांचा करार चालू होता, पण त्याला आता दुप्पट हवे होते. फ्रेझीने त्याला १ लाख डॉलरला विकलं आणि सोबत यांकीजच्या मालकाकडून सुमारे ३ लाखांचं कर्ज घेतलं. तारण म्हणून ठेवलं फेनवे पार्क. म्हणजे बोस्टनचं मैदान काही काळ न्यू यॉर्कच्या मालकाकडे गहाण होतं.

पुढच्याच वर्षी रूथने ५४ होम रन मारले. त्याच्या कारकिर्दीतल्या ७१४ होम रनची वाटणी बघा: बोस्टन रेड सॉक्स ४९, यांकीज ६५९, आणि १९३५ मध्ये अखेरच्या काही आठवड्यांत बोस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून, म्हणजे ब्रेव्हजकडून, ६.

रूथचं नाव एवढं मोठं आहे की त्याच्यामागून गेलेली माणसं झाकली जातात. रूथ गेला त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनचा व्यवस्थापक एड बॅरोही यांकीजचा कारभार बघायला गेला. आपल्या जुन्या संघातला कोण किती पाण्यात आहे हे त्याला नेमकं ठाऊक होतं. मग एकेक करत पिचर वेट हॉइट, कॅचर वॉली शँग, पिचर जो बुश आणि सॅम जोन्स, शॉर्टस्टॉप एव्हरेट स्कॉट, थर्ड बेसमन जो ड्युगन आणि जानेवारी १९२३ मध्ये पिचर हर्ब पेनॉक असे सगळे न्यू यॉर्कला पोचले. १९२३ मध्ये यांकीजने पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली तेव्हा त्यांच्या पाच प्रमुख पिचरांपैकी चार बोस्टनहून आलेले होते. हॉइट आणि पेनॉक हॉल ऑफ फेममध्ये आहेत. स्कॉटने तर सलग १,३०७ सामने खेळण्याचा विक्रम बोस्टनमध्ये सुरू केला आणि न्यू यॉर्कमध्ये संपवला. तो विक्रम पुढे लू गेरिगने मोडला. बोस्टनचं काय झालं? १९२२ ते १९३२ या अकरा हंगामांत ते नऊ वेळा तळाला राहिले.

कार्ल मेजच्या वाट्याला मात्र वेगळंच काही आलं. ऑगस्ट १९२० मध्ये यांकीजकडून खेळताना त्याचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर आदळला आणि चॅपमन दुसऱ्या दिवशी गेला. मेजर लीगच्या सामन्यात चेंडू लागून खेळाडूचा झालेला तो एकमेव मृत्यू आहे.

ड्युगनच्या बदलीने नियमच बदलला. तो बोस्टनकडून जेमतेम अर्धा हंगाम खेळला होता. जुलै १९२२ मध्ये यांकीज आणि सेंट लुइस ब्राउन्स यांच्यात चुरस ऐन भरात असताना तो यांकीजला मिळाला आणि ब्राउन्स अवघ्या एका सामन्याने मागे राहिले. सेंट लुइसमध्ये संताप उसळला. त्यानंतर लीगने ट्रेडसाठी हंगामातली शेवटची तारीख १५ जून अशी ठरवली. आज जुलैअखेरीस ‘ट्रेड डेडलाइन’च्या दिवशी अमेरिकेतल्या क्रीडावाहिन्या दिवसभर घड्याळ लावून बसतात, त्या प्रथेच्या मुळाशी हा थर्ड बेसमन आहे.

फ्रेझीबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते की त्याने रूथला विकून ‘नो, नो, नॅनेट’ हे संगीत नाटक काढलं. ते नाटक ब्रॉडवेवर आलं १९२५ मध्ये, विक्रीनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने, आणि तोवर फ्रेझीने संघही विकून टाकला होता. धागा अगदीच खोटा नाही. ‘माय लेडी फ्रेंड्स’ या ज्या नाटकावर ते बेतलं होतं ते फ्रेझीनेच डिसेंबर १९१९ मध्ये रंगमंचावर आणलं होतं. पण रूथला विकल्यामुळे बोस्टनला शाप लागला ही कहाणी सर्वतोमुखी झाली ती बरीच नंतर, पत्रकार डॅन शॉनेसी यांच्या १९९० च्या पुस्तकामुळे. बोस्टनने १९१८ नंतर थेट २००४ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली, त्यामुळे शापाला ८६ वर्षांचं खाद्य मिळालं. मला या शापात काडीचाही रस नाही, कारण तो खरी कारणं झाकतो. कर्ज, दुभंगलेली लीग आणि एका मालकाची खोल थैली एवढ्यावर सगळं नीट समजतं.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात गृहीत होती. विकल्या गेलेल्या एकाही खेळाडूला कुणी विचारलं नव्हतं.

‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाची एक अट १८७९ पासून बेसबॉलमध्ये होती. करार संपल्यावरही खेळाडूवर त्याच संघाचा हक्क राही आणि दुसरा कुठलाही संघ त्याच्याशी बोलणी करत नसे. संघ वर्षामागून वर्षं करार वाढवत राही. खेळाडूपुढे पर्याय दोनच, मिळेल त्या पगारात खेळा किंवा घरी बसा. संघ मात्र त्याला हवा तेव्हा, हवा तिथे विकू शके. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा राज्याराज्यांमधला व्यापार नाही असा निकाल दिला आणि मक्तेदारीविरोधी कायद्यातून या खेळाला सूट मिळाली.

रेड रफिंगचं उदाहरण घ्या. इलिनॉयमधला खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही खाणीत काम करणारा. तिथल्या अपघातात त्याच्या डाव्या पायाची चार बोटं गेली. आउटफिल्डमध्ये धावणं जमेना म्हणून तो पिचर झाला. बोस्टनकडून त्याची कामगिरी ३९ विजय आणि ९६ पराभव अशी होती. १९२८ मध्ये २५ आणि १९२९ मध्ये २२ पराभव, दोन्ही वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त. १९३० मध्ये बोस्टनने त्याला सेड्रिक डर्स्ट नावाचा खेळाडू आणि ५०,००० डॉलर यांच्या बदल्यात यांकीजला दिलं. तिथे त्याने २३१ सामने जिंकले, १२४ हरले, सहा वर्ल्ड सीरिज विजयांत भाग घेतला आणि १९६७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. माणूस तोच, उजवा हातही तोच. सोबतचे आठ सहकारी बदलले. बोस्टनने त्याला पाच-सहा वर्षं आणखी धरून ठेवलं असतं तर आज त्याचं नाव कुणी घेतलं नसतं, आणि त्याला त्याविरुद्ध बोलायची सोयही नव्हती.

एल्स्टन हॉवर्डच्या नावापाशी मी नेहमी थांबतो. १९५५ मध्ये यांकीजकडून खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत मोडून मेजर लीगमध्ये आल्यावरही यांकीजने आठ वर्षं लावली. बोस्टनने त्याहून उशीर केला. १९५९ मध्ये पम्प्सी ग्रीनला घेणारा रेड सॉक्स हा सोळा संघांपैकी शेवटचा होता. हॉवर्ड १९६३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळवणारा त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय.

एप्रिल १९६७ मध्ये यांकी स्टेडियमवर बोस्टनचा नवखा पिचर बिली रोर मेजर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात एकही हिट न देता नवव्या इनिंगच्या शेवटच्या बादपर्यंत पोचला होता. तिथे हॉवर्डने हिट मारली. आपल्याच मैदानात त्याची हुर्यो झाली. चार महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, यांकीजने त्याला बोस्टनला पाठवलं. हॉवर्ड तेव्हा ३८ वर्षांचा होता, बॅट मंदावली होती, पण बोस्टनच्या तरुण पिचरांना त्याच्या डोक्याचा मोठा आधार झाला. आदल्या वर्षी खालून दुसऱ्या असलेल्या त्या संघाने हंगामाच्या शेवटच्या दिवशी लीग जिंकली. १९६९ मध्ये हॉवर्ड यांकीजमध्ये परतला, तो अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कोच म्हणून. बोस्टनच्या इतिहासात तो दोनच हंगामांपुरता आहे, तरी बोस्टनच्या पुनर्जन्मात त्याचा वाटा आहे हे विसरू नये.

१९७२ चा स्पार्की लाइलचा ट्रेडही बोस्टनच्या जखमांपैकी एक. डॅनी कॅटर हा फलंदाज मिळवण्यासाठी बोस्टनने हा रिलीफ पिचर यांकीजला देऊन टाकला, आणि १९७७ मध्ये लाइलला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. अमेरिकन लीगमध्ये रिलीफ पिचरला तो पहिल्यांदाच मिळत होता.

यादीचा रंग बदलतो तो यानंतर. त्या बदलाची सुरुवात या दोन शहरांबाहेर झाली. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला द्यायचं ठरवलं. बारा वर्षं एका शहरात राहिलेला, नावाजलेला सेंटरफिल्डर. त्याने जायला नकार दिला. कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून त्याने कळवलं की आपण विकत घ्यायची-द्यायची वस्तू नाही, आणि मग तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५-३ असा निकाल त्याच्या विरोधात दिला. फ्लडची कारकीर्द त्यात गेली. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून तो बाहेर पडला. पण खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी वाट सोडली नाही. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर १९७५ च्या हंगामात करारावर सही न करता खेळले, आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला की संघाला करार एकच वर्ष वाढवता येतो, कायमचा नाही. मालकांनी साइट्झ यांना ताबडतोब काढून टाकलं. निकाल मात्र टिकला. १९७६ च्या करारात ठरलं की मेजर लीगमध्ये सहा वर्षं पुरी झालेला खेळाडू करार संपल्यावर हव्या त्या संघात जाऊ शकेल.

या निकालाचं फळ आपल्या यादीत दोनच वर्षांत दिसतं. माइक टॉरेझने १९७७ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये यांकीजसाठी दोन सामने जिंकून दिले, त्यात विजेतेपद पक्कं करणारा सहावा सामनाही होता. हंगाम संपताच तो मोकळा झाला आणि त्याने बोस्टनशी सात वर्षांचा करार केला. बोस्टनहून न्यू यॉर्कला वाहणाऱ्या त्या जुन्या ओघात हा माणूस स्वतःच्या मर्जीने उलटा गेला.

१९७८ च्या जुलैमध्ये यांकीज बोस्टनपेक्षा १४ सामने मागे होते. हंगाम संपला तेव्हा दोघांचे ९९ विजय. २ ऑक्टोबरला फेनवे पार्कवर एकच निर्णायक सामना ठेवला गेला आणि बोस्टनकडून चेंडू हातात घेतला टॉरेझने. सातव्या इनिंगपर्यंत बोस्टन २-० पुढे. दोन यांकी खेळाडू बेसवर होते आणि फलंदाजीला आला शॉर्टस्टॉप बकी डेंट, ज्याचे त्या अख्ख्या हंगामात मिळून पाचच होम रन झाले. त्यातला एक हा. चेंडू फेनवेच्या डाव्या बाजूच्या उंच भिंतीवरून गेला, यांकीज ३-२ पुढे गेले आणि सामना ५-४ असा जिंकले. टॉरेझ पुढेही बोस्टनकडून चांगला खेळला, पण त्याचं नाव निघालं की त्या एका चेंडूचीच आठवण काढली जाते. हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याच हिवाळ्यात लुइस टिआंट यांकीजमध्ये गेला. पाठ पूर्ण फलंदाजाकडे करून, आभाळाकडे बघत चेंडू टाकणारा हा क्यूबन पिचर १९७५ च्या वर्ल्ड सीरिजपासून बोस्टनचा लाडका होता. वाढत्या वयामुळे बोस्टनने त्याला हवा तेवढा लांब करार देऊ केला नाही, यांकीजने दिला. त्याच्या जाण्याने बोस्टनच्या ड्रेसिंग रूममध्ये जी पोकळी झाली तिच्याबद्दल त्याचे सहकारी पुढे अनेक वर्षं बोलत राहिले.

वेड बॉग्जच्या बाबतीत चाहत्यांचं मन जास्त दुखावलं. बोस्टनकडून अकरा हंगाम, लीगमधल्या सर्वोच्च सरासरीचा मान पाच वेळा, १९८६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये हातातोंडाशी आलेला घास जाताना डगआउटमध्ये डोळे पुसणारा बॉग्ज. १९९२ चा हंगाम वाईट गेला, करार संपला आणि तो यांकीजकडे गेला. १९९६ च्या वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्यात, दहाव्या इनिंगमध्ये, सगळे बेस भरलेले असताना त्याने धीर धरून वॉक मिळवला आणि संघाला पुढे नेलं. सीरिज जिंकल्यावर तो एका पोलिसाच्या घोड्यावर मागे बसून यांकी स्टेडियमभर फिरला. बोस्टनमध्ये ते छायाचित्र कित्येकांना बघवत नव्हतं. २००५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या त्याच्या प्रतिमेवर टोपी रेड सॉक्सची आहे, आणि २०१६ मध्ये बोस्टनने त्याचा २६ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला.

रॉजर क्लेमन्सची कथा सरळ नाही. बोस्टनकडून १९२ विजय, एकाच सामन्यात २० फलंदाजांना स्ट्राइकआउट करण्याचा पराक्रम दोनदा. १९९६ नंतर बोस्टनच्या व्यवस्थापनाला वाटलं की हा उतरणीला लागला आहे. तो टोरांटोला गेला, मग १९९९ मध्ये यांकीजकडे, आणि बोस्टन सोडल्यावर त्याने आणखी चार साय यंग पुरस्कार मिळवले. जून २००३ मध्ये त्याने ३०० वा विजय मिळवला तो यांकीजच्या गणवेशात. पण २००७ च्या मिचेल अहवालात उत्तेजकांच्या संदर्भात त्याचं नाव आलं. त्याने आरोप नाकारले, तरी हॉल ऑफ फेमचं दार उघडलं नाही.

जॉनी डेमनने मात्र दोन्ही शहरांना भरभरून दिलं. २००४ मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजने पहिले तीन सामने जिंकल्यावर बोस्टनने पुढचे चार जिंकून लीग घेतली. त्या सातव्या सामन्यात डेमनने दोन होम रन मारले, त्यातला एक ग्रँड स्लॅम. खांद्यापर्यंतचे केस आणि दाढी ही त्या संघाची ओळख झाली होती. डिसेंबर २००५ मध्ये यांकीजने त्याला चार वर्षांसाठी ५.२ कोटी डॉलर देऊ केले. यांकीजमध्ये दाढी ठेवायला आणि केस वाढवायला बंदी होती. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांचा १९७० च्या दशकातला हा नियम २०२५ मध्ये कुठे सैल झाला. डेमन दाढी काढून, केस कापून हजर झाला. २००९ च्या वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्यात त्याने दुसरा बेस चोरला, आणि तिसऱ्या बेसवर कुणीच उभं नाही हे धावता धावता बघून तोही चोरला. यांकीजने ती सीरिज जिंकली.

जकोबी एल्सबरीही बोस्टनकडून दोन वर्ल्ड सीरिज जिंकून २०१३ च्या अखेरीस सात वर्षांच्या आणि १५.३ कोटी डॉलरच्या करारावर यांकीजमध्ये गेला, पण दुखापतींनी त्याला गाठलं आणि २०१७ नंतर तो एकही सामना खेळू शकला नाही. रामिरो मेंडोझा हा पनामाचा पिचर फारसा कुणाला आठवत नाही. यांकीजच्या १९९० च्या दशकातल्या विजयी संघांत तो होता आणि २००४ च्या बोस्टनच्या विजयी संघातही. ग्रिड भरणाऱ्यांनी हे नाव जपून ठेवावं.

यादीत येता येता राहिलेली नावंही कमी वजनाची नाहीत. बोस्टनचा टेड विल्यम्स आणि यांकीजचा जो डिमॅजिओ यांची अदलाबदल १९४० च्या दशकात दोन मालकांनी एका रात्री प्यायला बसून ठरवली आणि सकाळी शुद्धीवर येऊन मोडली, अशी गोष्ट सांगतात. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझचं तर कागदोपत्री घडलं. डिसेंबर २००३ मध्ये तो बोस्टनला जाणार हे जवळपास नक्की होतं. त्यासाठी आपला पगार कमी करून घ्यायला तो स्वतः तयार होता, पण खेळाडूंच्या संघटनेने त्या कपातीला मंजुरी दिली नाही. एकाने पगार सोडला की उद्या इतरांवर दबाव येईल, ही संघटनेची भूमिका. दोन महिन्यांनी तो यांकीजमध्ये गेला. फ्लडच्या काळात खेळाडूचं कुणी ऐकत नव्हतं. सुमारे पस्तीस वर्षांनी खेळाडूंच्या संघटनेचा शब्द दोन बलाढ्य संघांचा व्यवहार मोडू शकत होता.

पण सहा वर्षांची अट अजून आहे, आणि त्या सहा वर्षांत खेळाडू आजही संघ पाठवील तिथे जातो. यांकीज आणि रेड सॉक्स एकमेकांशी थेट ट्रेड फार क्वचित करतात. डिसेंबर २०२३ मध्ये बोस्टनने अ‍ॅलेक्स व्हर्दुगोला यांकीजला दिलं. जून २०२४ मध्ये तो फेनवे पार्कवर परतला आणि पहिल्याच पाळीत त्याने होम रन मारला. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये यांकीजने व्हेनेझुएलाचा तरुण कॅचर कार्लोस नार्व्हाएझ बोस्टनला दिला. यांकीजकडून तो मोजकेच सामने खेळला होता. बोस्टनमध्ये काही महिन्यांतच तो मुख्य कॅचर झाला, आणि १३ जून २०२५ च्या रात्री फेनवेवर दहाव्या इनिंगमध्ये हिट मारून त्याने यांकीजला २-१ असं हरवलं.